रिकामी पाचर : आकाशगंगेच्या एका नकाशाबद्दल

पडद्यावर दोन चित्रं आहेत. डावीकडचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळेच्या भिंतीवर, वहीच्या कव्हरवर, मोबाइलच्या पडद्यावर. निळसर भुजा, मध्ये पिवळट आडवा दांडा, आणि एका बाणाजवळ लिहिलंय, ‘आपण इथे आहोत’. उजवीकडचं काळं-पांढरं चित्र मात्र बहुतेकांनी पाहिलेलं नसेल. ओबडधोबड पट्टे, वेड्यावाकड्या रेषा, आणि मधूनच पिझ्झाचा तुकडा कापून घ्यावा तशी एक रिकामी पाचर. तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला आणखी एक.

आज आपल्याला या दोन चित्रांचं परीक्षण करायचंय. पुस्तकाचं करतात, नाटकाचं करतात, तसंच. दोन्ही चित्रांचा विषय एकच आहे : आपली आकाशगंगा वरून बघितली तर कशी दिसेल. दोन्हींचा कच्चा मालही बराचसा एकच आहे : ताऱ्यांच्या मधल्या जागेत पसरलेले वायूचे मेघ. आमचं मत आधीच सांगून टाकतो. उजवीकडचं चित्र पुष्कळ ठिकाणी चुकलेलं आहे, आणि तरी ते डावीकडच्यापेक्षा जास्त विश्वासाचं आहे. हे उलटं वाटेल, म्हणून जरा सविस्तर बोलू.

आधी एक कबुली. डावीकडचं पोस्टर घेऊन आम्ही कित्येक वर्षं शाळाशाळांतून फिरलो. ‘ही बघा आपली आकाशगंगा’ असं म्हणायचो आणि पुढे सरकायचो. एकदा व्याख्यानानंतर प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी आली : ‘बाहेर न जाता हा फोटो कसा काढला?’ आम्ही काहीतरी ‘संगणकाच्या मदतीने’ असं गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर असं, की तो फोटो नाहीच. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ यान आज जिथे आहे, तिथून प्रकाशाला इथे यायला जेमतेम एक दिवस लागतो. आकाशगंगेचा व्यास एक लाख प्रकाशवर्षांच्या घरात. कोणी बाहेर गेलेलं नाही, आणि आपल्या नातवंडांच्या नातवंडांच्या काळातही जाणार नाही. ते चित्र २००८ साली रॉबर्ट हर्ट यांनी नासाच्या स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून काढलं, आणि त्याखाली ‘कल्पनाचित्र’ असं स्पष्ट लिहिलं होतं. दोष त्यांचा नाही. पोस्टर छापताना ती ओळ गळते, आणि आमच्यासारखे वक्ते ती गळू देतात.

मग बाहेर न जाता नकाशा काढायचा कसा? विल्यम हर्शेलने १७८५ साली सरळ तारे मोजले. ज्या दिशेला जास्त तारे, त्या दिशेला आकाशगंगा लांबवर पसरलेली. त्याच्या नकाशात सूर्य जवळजवळ मध्यावर आला. आज आपल्याला माहीत आहे की केंद्र सुमारे २६,७०० प्रकाशवर्षं दूर आहे. चूक मोजण्यात नव्हती. मध्ये धूळ होती. धुक्यात उभा असलेला माणूस सगळ्या दिशांना सारखंच दिसतं म्हणून स्वतःला मैदानाच्या मध्यावर समजतो, तसं झालं. ही धूळ ताऱ्यांचा प्रकाश सगळीकडे खातेय, हे पक्कं व्हायला १९३० साल उजाडलं. रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांवरून ते दाखवलं.

मधल्या जागेत वायू आहे याचा सुगावा मात्र त्याआधीच लागला होता. मृग नक्षत्रातले ओळीने तीन तारे, आपण ज्याला व्याधाचा बाण म्हणतो, त्यातला पश्चिमेकडचा तारा घ्या. तो खरं तर जोडतारा आहे, त्यामुळे त्याच्या वर्णरेषा पुढेमागे हलत राहतात. १९०४ साली पॉट्सडॅमच्या योहानेस हार्टमान यांना दिसलं की कॅल्शियमची एक रेषा या हालचालीत भागच घेत नाही. सगळी वरात नाचतेय आणि एक पाहुणा ढिम्म उभा, असा प्रकार. म्हणजे ती रेषा ताऱ्याची नव्हती. तारा आणि आपण यांच्यामध्ये असलेल्या एखाद्या मेघाची होती. वायू ताऱ्यामुळे दिसला, पण ताऱ्याचा नव्हता. इथून ही शाखा सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही.

पण धुळीपलीकडचा वायू बघायचा तर दृश्य प्रकाश उपयोगाचा नाही. इथे १९४४ साल येतं. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात. लायडनमध्ये यान ओर्ट यांनी हेन्ड्रिक व्हान द हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्याला विचारलं, की रेडिओलहरींत एखादी वर्णरेषा सापडेल का? व्हान द हुल्स्टने हिशेब करून सांगितलं : साध्या हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या फिरकीची सापेक्ष दिशा उलटली, की २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर बाहेर पडेल. एका अणूच्या बाबतीत ही गोष्ट आपणहून घडायला सरासरी एक कोट वर्षांहून जास्त काळ लागतो. पण मेघात अणू इतके प्रचंड आहेत की कोणी ना कोणी सतत उलटतच असतो. आणि २१ सेंटिमीटरच्या लहरीला धूळ अडवत नाही.

ही रेषा प्रत्यक्ष सापडली १९५१ साली. हार्वर्डमध्ये हॅरॉल्ड यूएन या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर लाकडी कर्णा बसवला होता. पावसाचं पाणी त्या कर्ण्यातून सरळ खोलीत यायचं, आणि थंडीत जाता-येता पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची. २५ मार्चला संकेत मिळाला. सात आठवड्यांनी हॉलंडच्या कूटवाइकमध्ये, जर्मनांनी मागे टाकलेल्या साडेसात मीटरच्या रडार तबकडीवर, म्युलर आणि ओर्ट यांनाही तो मिळाला. हार्वर्डच्या पर्सेल आणि यूएननी घाईने छापून टाकलं नाही. ते डच मंडळींसाठी थांबले, सिडनीहूनही दुजोरा आला, आणि १ सप्टेंबरच्या ‘नेचर’मध्ये हे सगळं शेजारी शेजारी छापलं गेलं. आजच्या घाईच्या दिवसांत ही गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगावीशी वाटते.

आता मुख्य मुद्दा. या लहरींवरून काय कळतं? दिशा कळते, कारण तबकडी कुठे रोखली हे आपल्याला माहीत असतं. वायू किती आहे, हे संकेताच्या जोरावरून कळतं. आणि वेग कळतो. मेघ आपल्याकडे येत असेल तर तरंगलांबी किंचित घटते, दूर जात असेल तर वाढते. डॉप्लर परिणाम, रेल्वेच्या भोंग्यासारखा. बस्स, एवढंच. अंतर कळत नाही.

अंतर *काढावं* लागतं, आणि ते काढायला एक गृहीत धरावं लागतं. वारीतलं गोल रिंगण डोळ्यांपुढे आणा. मध्ये पालखी, भोवती वर्तुळामागून वर्तुळं, सगळे धावताहेत. आपणही एका बाहेरच्या वर्तुळात धावतोय आणि धुरळ्यामुळे काही दिसत नाही. फक्त टाळांच्या आवाजावरून कोण जवळ येतंय आणि कोण लांब जातंय हे ओळखायचंय. समजा, आपण गृहीत धरलं की प्रत्येकजण आपापल्या वर्तुळात अगदी नेमका गोल धावतोय, आणि कुठल्या वर्तुळाचा वेग किती हेही माहीत आहे. मग एखाद्या दिशेने आलेला आवाज कुठल्या वर्तुळातला, हे हिशेबाने सांगता येतं. आकाशगंगेत नेमकं हेच केलं गेलं. सूर्य सेकंदाला सुमारे २३० किलोमीटरच्या वेगाने फिरतो, आतली वर्तुळं कमी वेळात फेरी पुरी करतात, आणि या फरकावरून मेघाची जागा ठरवायची.

लगेच दोन अडचणी दिसतात. आतल्या वर्तुळाला आपली नजरेची रेषा दोनदा छेदते, एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे. दोन्हीकडे वेग तोच. मेघ अलीकडचा की पलीकडचा? आणि दुसरी, थेट पालखीच्या दिशेने बघितलं तर सगळे आडवे धावताहेत. ना जवळ येतात, ना लांब जातात. तिथे वेगावरून काहीच सांगता येत नाही. केंद्राच्या बरोबर विरुद्ध दिशेलाही तेच.

म्हणून त्या दोन पाचरी. उजवीकडचं चित्र हे ओर्ट, फ्रँक केर आणि खार्ट वेस्टरहाउट यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला नकाशा आहे. उत्तरेकडचं आकाश हॉलंडहून, दक्षिणेकडचं सिडनीहून. कूटवाइकची ती तबकडी सुरुवातीला दर काही मिनिटांनी दांडा फिरवून हाताने हलवावी लागे. लायडनच्या विद्यार्थ्यांनी रात्रीच्या रात्री दांडा फिरवला. आणि त्यातून माणसाने पहिल्यांदा आपल्या दीर्घिकेचं एवढं मोठं चित्र काढलं. काढणाऱ्यांनी काय केलं, तर जिथे पद्धत चालत नाही तिथे कागद कोरा सोडला. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही या नकाशाला मोठं काम मानतो. जिथे ज्ञान नाही ती जागा नकाशावर *दिसते*.

पण आम्ही इथे आरती ओवाळायला उभे नाही. नकाशा नीट बघा. भुजा जागोजाग सूर्याच्या दिशेने ताणल्यासारख्या दिसतात, जणू सगळी आकाशगंगा आपल्याकडे बोट दाखवतेय. आकाशगंगेला आपलं इतकं कौतुक असायचं काही कारण नाही. मेघांना स्वतःचे थोडेफार वेग असतात, ते हिशेबात अंतर म्हणून मोजले जातात आणि मेघ नजरेच्या रेषेत लांबतो. शिवाय उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून काढलेले फिरण्याचे वेग काही किलोमीटरांनी जुळत नव्हते. हे स्वतः केर यांनीच पुढे आणलं.

सत्तरीच्या सुरुवातीला बटलर बर्टन यांनी याहून खोलवरचा घाव घातला. त्यांनी दाखवलं की मेघांच्या नेमक्या गोल गतीत सेकंदाला पाच-दहा किलोमीटरचा फरक पडला तरी नकाशावर नसलेली भुजा उगवू शकते. एका रेषेवरच्या लांब पट्ट्यातल्या वायूचे वेग जवळजवळ सारखे झाले, की त्या वेगाला संकेत जोरदार येतो. आपण म्हणतो, ‘इथे वायू दाट आहे.’ प्रत्यक्षात दाट काहीच नसतं. गर्दी वेगांची असते, मेघांची नव्हे.

आणि इथे आमच्या मते या सगळ्या पद्धतीचा गाभ्यातला दोष आहे. १९६४ साली लिन आणि शू यांनी मांडलं की सर्पिल भुजा ही वायूची कायमची वस्तू नसून एक लाट आहे. घाटातल्या वळणावर ट्रॅफिक तुंबतं, गाड्या बदलत राहतात, तुंबणं तिथेच राहतं, तसं. आता विचार करा. भुजेत शिरताना वायूचा वेग बदलतो. म्हणजे भुजा खरी असेल, तर भुजेतलाच वायू नेमका गोल फिरणार नाही. आपण ज्या गृहीतावर भुजा शोधतोय, ते गृहीत भुजेतच मोडतं! जिथे नकाशाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो सगळ्यात कच्चा. हे १९५८ साली कोणाला ठाऊक नव्हतं म्हणून त्यांना माफ. पण पुढे कित्येक वर्षं भुजांची नावं, संख्या आणि वळणं याच पद्धतीच्या आधारावर आत्मविश्वासाने सांगितली गेली, त्याला माफी कशी द्यायची?

हे नुसतं तत्त्वाचं भांडण नाही, हे एका उदाहरणावरून कळेल. आपल्या बाहेरच्या बाजूची पुढची मोठी भुजा म्हणजे ययाती भुजा, इंग्रजीतली पर्सियस. तिच्यातला डब्ल्यू३ नावाचा मेघ, जिथे नवे तारे जन्मताहेत. वेगावरून काढलेलं त्याचं अंतर येत होतं सुमारे १४,००० प्रकाशवर्षं. त्याच भागातल्या ताऱ्यांच्या तेजावरून यायचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा वाद वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. २००६ साली शू, रीड, झेंग आणि मेंटेन यांनी तो मिटवला. त्या मेघातल्या मिथेनॉलच्या वाफेतून निसर्गतःच रेडिओकिरण निघतो, लेसरच्या जातीचा. हवाईपासून कॅरिबियनपर्यंत पसरलेल्या दहा तबकड्या एकत्र वापरून त्यांनी त्या ठिपक्याची जागा वर्षभर मोजली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा तो ठिपका पुढेमागे सरकल्यासारखा दिसतो. अंगठा डोळ्यांपुढे धरून आलटून पालटून एकेक डोळा मिटा, तेच. यात फिरण्याविषयी काहीही गृहीत धरावं लागत नाही, निव्वळ भूमिती. उत्तर आलं सुमारे ६,४०० प्रकाशवर्षं. म्हणजे वेगाचा नकाशा दुपटीहून जास्त चुकला होता. कारण? तो मेघ गोल गतीपासून सेकंदाला सुमारे वीस किलोमीटरने हटून चालला होता.

शेजारची भुजा! आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाची गोष्ट नव्हे ही.

आता कोणी म्हणेल, मग वायूवरून काढलेलं सगळंच मोडीत काढायचं का? नाही. काय टिकलं आणि काय पडलं ते वेगळं करायला हवं, नाहीतर परीक्षणाला अर्थ नाही. आतल्या भागात कुठल्या वर्तुळाचा वेग किती, हे वायूने दिलेलं उत्तर मोठ्या प्रमाणावर टिकलं, कारण त्यासाठी लागणारं अंतर भूमितीने मिळतं : नजरेची रेषा केंद्राच्या सर्वात जवळून जिथे जाते, तिथे वेग सर्वात जास्त. वायूची थाळी पातळ आहे, आणि कडेला ती वाकलेली आहे, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. १९५७ साली हायड्रोजनवरूनच हे दिसलं आणि तेही टिकलं. पडली ती भुजांची तपशीलवार रेखाकृती.

एक उदाहरण तर वेगाच्या बाजूने साक्ष देणारं आहे, तेही सांगायला हवं. केंद्राच्या अलीकडे एक भुजा १९५७ सालीच लायडनच्या मंडळींना सापडली होती. ती सेकंदाला त्रेपन्न किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय. आता केंद्राच्या दिशेला वेग शून्य असायला हवा ना? तो नाही, म्हणूनच ती उठून दिसली. गृहीत मोडलं आणि मोडल्यामुळेच शोध लागला. तिची पलीकडची जुळी भुजा मात्र २००८ साली टॉम डेम आणि पॅट्रिक थॅडियस यांना दिसली, कार्बन मोनॉक्साइडच्या संकेतात. थंड मेघांतला रेण्वीय हायड्रोजन स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने हा वायू बोलतो. दुर्बीण किती मोठी? तबकडी १.२ मीटर. आपल्या गच्चीवरच्या जुन्या डिश अँटेनाची थोरली बहीण म्हणा. आणि गंमत म्हणजे ते सर्वेक्षण २००१ सालीच प्रसिद्ध झालेलं होतं. सात वर्षं भुजा सगळ्यांच्या समोर होती.

आपल्या घराजवळचीही एक गोष्ट आहे. सूर्याभोवतीचे ताराजन्माचे मेघ एका तिरक्या वर्तुळात आहेत, असं एकोणिसाव्या शतकापासून मानलं जाई. त्याला गूल्डचा पट्टा म्हणत. २०२० साली अल्व्हेस आणि सहकाऱ्यांनी, गाया यानाने मोजलेली ताऱ्यांची अंतरं वापरून या मेघांची खरी अंतरं मांडली, तर वर्तुळच नाही! सुमारे ९,००० प्रकाशवर्षं लांबीची, वरखाली नागमोडी जाणारी एक रांग निघाली. मृगातले मेघ त्याच रांगेत. सर्वात जवळच्या ठिकाणी ती आपल्यापासून ५०० प्रकाशवर्षांवर आहे. इतक्या जवळ, आणि आपण तिला वर्तुळ समजत होतो. कारण नुसती दिशा पाहिली की ठिपके जोडण्याचा मोह होतो, आणि माणसाला वर्तुळ आवडतं.

याच्या उलट, दुसऱ्यांच्या दीर्घिका आपण बाहेरून बघतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत. तिथून २०२० साली ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे हायड्रोजनचे संकेत एकत्र करून, आठशे कोटी वर्षांपूर्वी दीर्घिकांत सरासरी किती वायू होता ते मोजलं गेलं. तेवढ्या लांबचं सांगता येतं, पण आपल्याच अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात काय आहे ते सांगताना चाचरायला होतं. जंगलात उभ्या माणसाला समोरच्या डोंगरावरचं रान दिसतं, स्वतःच्या रानाचा आकार दिसत नाही.

आता पुन्हा डावीकडच्या पोस्टरकडे वळू. त्यावर चार भुजा धरायच्या की दोन मोठ्या आणि दोन छोट्या, हा वाद अजून आहे. वायू आणि कोवळे तारे चार म्हणतात, जुने तारे बघितले तर दोन ठळक दिसतात. दोघंही खरं बोलत असतील. पण आमचा आक्षेप भुजांच्या संख्येवर नाही. सूर्याच्या आसपासची भुजा आणि केंद्रापलीकडची भुजा एकाच ब्रशने, एकाच निळ्या रंगात, सारख्याच ठामपणे रंगवलेल्या आहेत, यावर आहे. २०१९ साली रीड आणि सहकाऱ्यांनी भूमितीने मोजलेल्या अशा सुमारे २०० ठिपक्यांचा नकाशा दिला. त्यातले बहुतेक ठिपके आपल्या बाजूचे, उत्तर गोलार्धातून दिसणारे. केंद्राच्या पलीकडे? २०१७ साली सान्ना आणि सहकाऱ्यांनी एका मेघाचं अंतर थेट मोजलं : सुमारे ६६,००० प्रकाशवर्षं. मोठा पराक्रम आहे तो. पण पोस्टरवर त्या पूर्ण पलीकडच्या भागात जो निळा रंग ओतलाय, त्याच्याखाली थेट मोजमापाचा आधार इतका विरळ आहे.

चित्र हवंच, नाहीतर मुलांना समजणार कसं, असं आमचे एक शिक्षक मित्र म्हणतात. पटतं. आम्हीही पोस्टर फाडलेलं नाही. पण हल्ली शाळेत जाताना बरोबर ट्रेसिंग पेपर नेतो. त्यावर फक्त थेट मोजलेले ठिपके काढलेले आहेत. आधी तो कागद एकटा दाखवतो, मग पोस्टरवर ठेवतो. मुलं ठिपके मोजायला लागतात, आणि लवकरच कोणीतरी विचारतं की या बाजूला ठिपके का नाहीत. तिथून पाचरीची गोष्ट सांगायला सोपं जातं.

तो कागद इथे टेबलावर ठेवलाय, जवळ येऊन बघा. दिवे लावा जरा. आता प्रश्न घेऊ.